नुसती गाळणी नव्हे

कामठी मागे टाकून जबलपूरच्या रस्त्याने थोडे पुढे गेले म्हणजे एक विस्तीर्ण नदी आडवी येते. तीच कन्हान. पलीकडच्या तीरावरील गावानेही तिचेच नाव धारण केले आहे. सातपुड्याच्या डोंगरांत, छिंदवाडा जिल्ह्यात ही नदी उगम पावते. वाटेत पेंच नदीला आपल्यात सामावून घेते आणि शेवटी वैनगंगेस जाऊन मिळते. उन्हाळ्यात तिचे पात्र वाळूने भरलेले व प्रवाह शांत असतो. पण आषाढ-श्रावणात तिच्या काठी उभे राहून पाहावे, तर पाणी कसे दिसते? तांबूस, गढूळ, काडीकचरा वाहून आणणारे! आणि हेच पाणी नागपूर शहरातील घराघरांतील नळांतून मात्र काचेसारखे निर्मळ होऊन वाहते.

ही किमया नदीकाठच्या जलशुद्धीकरण केंद्राची. तेथे नदीचे पाणी उपसून घेतात, त्यात तुरटी मिसळतात, गाळ तळाशी बसू देतात, वरचे निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि अखेरीस क्लोरीनने ते निर्जंतुक करून शहराकडे पाठवितात. हे केंद्र एखादा दिवस जरी बंद पडले तरी शहरात केवढी धावपळ उडते, हे नागपूरकरांस सांगावयास नको.

विद्यार्थ्यांनो, अशीच दोन शुद्धिकेंद्रे तुम्ही रोज आपल्यासोबत शाळेत घेऊन येता. ती रात्रंदिवस चालू असतात. तुम्ही झोपलात तरी ती झोपत नाहीत. त्यांच्याकडे येणारी नदी म्हणजे तुमचे रक्त, आणि ती केंद्रे म्हणजे तुमची दोन मूत्रपिंडे. शास्त्रीय ग्रंथांत त्यांना वृक्क असेही म्हणतात. नदीकाठचे केंद्र आणि ही मूत्रपिंडे यांचे काम वरवर पाहता सारखेच दिसते. तथापि त्यांच्या काम करण्याच्या रीतीत एक मोठा फरक आहे, आणि तो फरकच आपणांस येथे समजून घ्यावयाचा आहे.

रक्ताला शुद्धीची गरजच का पडावी, हा प्रश्न प्रथम मनात येईल. चूल पेटली की राख होणारच. आपण जेवतो, धावतो, वाढतो, विचार करतो. या प्रत्येक व्यापारात शरीरात अन्नाचे ज्वलन होत असते आणि त्यातून टाकाऊ द्रव्ये निर्माण होत असतात. डाळी, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिने शरीराने वापरली म्हणजे त्यांच्या अवशेषांतून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. यकृत त्याचे रूपांतर युरिया नावाच्या कमी घातक द्रव्यात करते व ते रक्तात सोडते. युरिया, यूरिक आम्ल, जादा क्षार, जादा पाणी, घेतलेल्या औषधांचे अंश, हे सारे रक्ताबरोबर वाहत असते. ते बाहेर गेले नाही, तर काही दिवसांतच माणसाचे जगणे अशक्य होईल.

ही मूत्रपिंडे असतात तरी कोठे? आपले दोन्ही हात कमरेच्या मागे, शेवटच्या बरगड्यांवर ठेवून पाहा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, पोटाच्या मागील भिंतीला लागून, चरबीच्या मऊ वेष्टनात ती वसलेली असतात. उजव्या बाजूस वर यकृताचा भार असल्यामुळे उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असते. आकार राजम्याच्या दाण्यासारखा, रंग तपकिरी तांबूस, लांबी सुमारे ११ सेंटीमीटर, आणि वजन प्रत्येकी सुमारे १५० ग्रॅम. म्हणजे दोन्ही मिळून प्रौढ माणसाच्या वजनाचा जेमतेम दोनशेवा भाग! पण हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे एक पंचमांश रक्त, म्हणजे लिटरभराहून थोडे अधिक, एवढ्याशा या अवयवांकडे येते. एवढे रक्त त्यांच्या पोषणासाठी नव्हे, तर मुख्यतः शुद्ध होण्यासाठी येते.

राजम्याच्या दाण्याला जेथे खोबण असते, तशीच खोबण मूत्रपिंडाच्या आतील कडेस असते. तेथून रक्त आणणारी रोहिणी आत शिरते, शुद्ध रक्त परत नेणारी नीला बाहेर पडते आणि मूत्र खाली नेणारी मूत्रवाहिनीही तेथूनच निघते. मूत्रपिंड उभे चिरून पाहिले तर त्यात दोन भाग दिसतात. बाहेरच्या भागास बाह्यक आणि आतल्या भागास मध्यांग म्हणतात. पण खरे नवल साध्या डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख अतिसूक्ष्म नळ्या दाटीवाटीने बसविलेल्या असतात. अशा एका नळीस नेफ्रॉन म्हणतात. एक नळी जरी ३ सेंटीमीटर लांबीची धरली, तरी दोन्ही मूत्रपिंडांतील नळ्या एकापुढे एक मांडल्यास त्यांची लांबी ६० किलोमीटर भरेल. नागपूरहून भंडाऱ्यास जाण्याइतकी ती वाट, आणि ती सारी दोन मुठींत मावलेली!

नेफ्रॉनच्या आरंभी पेल्यासारखा एक पोकळ भाग असतो. विल्यम बोमन या इंग्रज वैद्याने १८४२ साली त्याचे नीट वर्णन केले, म्हणून त्यास बोमनचे संपुट म्हणतात. या पेल्यात केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता बसविलेला असतो. त्या केशिकांच्या गुच्छात रक्त दाबाने येते आणि त्यातील पाणी व पाण्यात विरघळलेली लहान द्रव्ये केशिकांच्या भिंतीतून पाझरून पेल्यात उतरतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मात्र मागेच राहतात. येथवर काम अगदी गाळणीसारखे झाले.

परंतु येथेच एक कोडे उभे राहते. गाळणीतून केवळ घाण खाली उतरली असती तर प्रश्न नव्हता. पण युरियाचा कण जसा लहान, तसाच साखरेचा कण लहान आणि मिठाचाही लहान. गाळणीला काय कळणार, की हा कचरा आणि हे अन्न? मग मूत्रपिंड त्यांतील कचरा तेवढा वेगळा कसा करते?

याचे उत्तर समजण्यासाठी दिवाळीपूर्वीची घराची साफसफाई आठवा. घर स्वच्छ करण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे कोनाकोपऱ्यात शिरून नको असलेली वस्तू तेवढी शोधून काढावयाची. दुसरी म्हणजे डबे, भांडी, पेट्या, अंथरुणे सारी अंगणात आणून मांडावयाची, आणि मग जे जे हवे ते ते उचलून पुन्हा घरात न्यावयाचे. अंगणात जे उरले ते टाकून द्यावयाचे. मूत्रपिंड ही दुसरी रीत अनुसरते! ते कचरा वेचीत नाही. ते रक्तातील बहुतेक सर्व लहान द्रव्ये आधी बाहेर सोडून देते आणि मग त्यांतून शरीराच्या कामाचे तेवढे वेचून परत घेते.

ही केवळ कल्पना नव्हे. १९२४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ए. एन. रिचर्ड्स व जोसेफ वर्न या शास्त्रज्ञांनी ती प्रयोगाने पडताळून पाहिली. त्यांनी केसाएवढी बारीक काचनळी घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली, बेडकाच्या मूत्रपिंडातील बोमनच्या संपुटात ती टोचली आणि तेथील थेंबभर द्रव काढून तपासला. त्यात साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातील मूत्रात मात्र साखर नव्हती. याचा अर्थ स्पष्ट होता. आरंभी बाहेर टाकलेली साखर वाटेत कोणीतरी परत घेतली होती.

ही परतफेड घडते ती नेफ्रॉनच्या लांबलचक नळीत. पेल्यातून निघालेली ही नळी आधी नागमोडी जाते, मग मध्यांगात खोलवर उतरून आकड्यासारखी वळते, पुन्हा वर येते आणि शेवटी एका मोठ्या संग्राहक नळीस मिळते. गुच्छातून बाहेर पडलेल्या रक्ताच्या केशिका या नळीभोवती जाळ्यासारख्या विणलेल्या असतात. नळीच्या भिंतीतील पेशी साखर, मीठ, पाणी आणि इतर उपयुक्त द्रव्ये नळीतून उचलतात व या केशिकांतील रक्ताच्या स्वाधीन करतात.

आता या व्यवहाराचे आकडे पाहा. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्त असते सुमारे ५ लिटर. पण दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. म्हणजे रक्तातील तेच पाणी दिवसातून अनेकदा गाळले जाते. या १८० लिटरांपैकी १७८ लिटरांहून अधिक पाणी परत रक्तात जाते आणि मूत्ररूपाने बाहेर पडते ते केवळ दीड लिटरच्या आसपास. गाळलेल्या द्रवाबरोबर रोज सुमारे दीड किलो मीठ बाहेर सोडले जाते आणि त्यातील काही ग्रॅम सोडून सारे परत घेतले जाते. साखर तर निरोगी माणसाच्या बाबतीत जवळजवळ सगळीच परत येते. हे काम फुकट होत नाही. शरीर विश्रांती घेत असताना जेवढा प्राणवायू वापरते, त्यापैकी ७ ते १० टक्के प्राणवायू एवढी लहान मूत्रपिंडेच खर्च करतात.

कोणी म्हणेल, हा केवढा उपद्व्याप! सगळे बाहेर काढा आणि पुन्हा आत घ्या! पण या रीतीत मोठे शहाणपण आहे. शरीराला कोणकोणत्या वस्तू हव्यात, ही यादी ठरावीक आहे. नको असलेल्या वस्तूंच्या यादीला मात्र अंत नाही. आज एखादे नवे औषध निघाले, उद्या एखादे अपरिचित द्रव्य अन्नातून पोटात गेले, तर ते ओळखण्याची गरज मूत्रपिंडास बहुधा पडत नाही. परत घ्यावयाच्या यादीत त्याचे नाव नसले म्हणजे झाले. ते अंगणातच राहते आणि मूत्राबरोबर निघून जाते. म्हणूनच मूत्रपिंड नुसती गाळणी नव्हे. गाळणे हे त्याचे पहिले आणि सोपे काम. वेचणे हे दुसरे आणि अवघड काम.

वेचण्याचे प्रमाणही ते प्रसंग पाहून बदलते. नागपूरकडचा मे महिना तुम्हांस ठाऊक आहेच. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, अंगातून घामाच्या धारा लागतात आणि रक्तातील पाणी कमी होऊ लागते. हे मेंदूस कळताच दोन गोष्टी घडतात. आपल्याला तहान लागते, आणि मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी एक संप्रेरक रक्तात सोडते. तो निरोप मिळाला की मूत्रपिंडातील नळ्या अधिक पाणी परत घेऊ लागतात. मूत्र थोडे व गडद पिवळे होते. उलट भरपूर पाणी प्यायलो की निरोप थांबतो आणि मूत्र फिके व पुष्कळ होते. तथापि या काटकसरीसही मर्यादा आहे. कितीही पाणी वाचवावयाचे म्हटले, तरी दिवसभराचा कचरा वाहून नेण्यासाठी सुमारे अर्धा लिटर पाणी खर्चावेच लागते. गडद पिवळे मूत्र म्हणजे पाणी पिण्यासाठी मूत्रपिंडांनी पाठविलेली चिठ्ठीच समजावी.

तयार झालेले मूत्र पुढे कसे जाते, ते थोडक्यात पाहू. प्रत्येक मूत्रपिंडातून २५ ते ३० सेंटीमीटर लांबीची एक मूत्रवाहिनी निघते. तिच्या भिंतीतील स्नायू लाटांसारखे आकुंचन पावून मूत्र थेंबाथेंबाने मूत्राशयाकडे ढकलतात. त्यामुळे आपण आडवे झोपलो तरी ते खाली पोहोचते. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत तिरपी शिरते, म्हणून मूत्राशय भरला की तिचे तोंड आपोआप दाबले जाते व मूत्र उलटे वर चढत नाही. मूत्राशय ही ओटीपोटातील लवचिक स्नायूंची पिशवी होय. तीत ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. पण ती निम्मी भरली की मज्जातंतू मेंदूस वर्दी देऊ लागतात. योग्य वेळी खालचे स्नायू सैल होतात आणि मूत्रमार्गाने मूत्र बाहेर पडते.

शुद्धीखेरीज आणखीही कामे मूत्रपिंडे करतात. रक्ताचा दाब योग्य राखण्यास ती हातभार लावतात. तांबड्या पेशी निर्माण करण्याची सूचना हाडांतील मगजास त्यांच्याकडूनच जाते, आणि सूर्यप्रकाशाने त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व पूर्णपणे उपयोगी होण्यास शेवटचा संस्कार तेथेच होतो. यास्तव मूत्रपिंडे बिघडलेल्या रोग्यास पंडुरोग जडतो आणि त्याची हाडे कमजोर होतात.

आता एका गंभीर गोष्टीकडे वळू. नदीकाठच्या केंद्रातील वाळूचा थर गाळाने भरला तर तो धुता येतो, बदलता येतो. नेफ्रॉनचे तसे नाही. एकदा नष्ट झालेला नेफ्रॉन पुन्हा निर्माण होत नाही. निसर्गाने आपल्याला ते मुबलक दिले आहेत, हे खरे. एका मूत्रपिंडावरही माणूस नीट जगू शकतो. परंतु या मुबलकतेतच धोका दडलेला आहे. काही नेफ्रॉन गेले की उरलेले त्यांचा भार मुकाट्याने उचलतात. पाठ दुखत नाही, ताप येत नाही. रोग्यास आपण आजारी आहोत हे जेव्हा कळते, तेव्हा पुष्कळदा बहुतेक नेफ्रॉन कामातून गेलेले असतात.

मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाल्यावर पूर्वी वैद्यांपाशी उपाय नव्हता. १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, नेदरलँड्समधील विलेम कोल्फ या डॉक्टरांनी रक्त शरीराबाहेर काढून शुद्ध करणारे यंत्र बनविले. त्यातूनच आजची डायलिसिसची उपचारपद्धती वाढली. पुढे १९५४ साली अमेरिकेत बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या आजारी जुळ्या भावाच्या शरीरात यशस्वीपणे बसविले. भारतात असे यश १९७१ साली वेल्लोर येथे लाभले. अवयवदानासाठी आपल्या देशात १९९४ साली कायदाही झाला, आणि मृत्यूनंतर मूत्रपिंडे दान करून दोन जीव वाचविणारी कुटुंबे आज महाराष्ट्रातही आहेत. तरीही ध्यानात ठेवा, डायलिसिसच्या रोग्यास बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राजवळ पडून राहावे लागते. आणि एवढे करूनही निरोगी मूत्रपिंडाच्या कामाचा काही अंशच ते यंत्र करू शकते.

म्हणून जपणूक हाच खरा उपाय. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब हे मूत्रपिंडांचे सर्वांत मोठे शत्रू. घरातील वडीलधाऱ्यांस या व्याधी असतील तर त्यांनी रक्त, लघवी व रक्तदाब यांची वेळच्या वेळी तपासणी करून घ्यावी, याची आठवण तुम्ही त्यांना द्या. अंगदुखीच्या गोळ्या वैद्याच्या सल्ल्यावाचून दीर्घकाळ घेऊ नयेत. मीठ बेताने खावे. पाणी कमी पडले म्हणजे मूत्रातील क्षारांचे खडे बनतात. या मूतखड्याच्या वेदना इतक्या प्राचीन आहेत, की सुश्रुतसंहितेतही त्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन आढळते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. मी पुष्कळ वर्षे शाळेत शिकविले. तास चालू असताना एखाद्या मुलाने करंगळी वर केली, तर शिस्तीच्या नावाखाली "तास संपेपर्यंत थांब" असे मी सहज म्हणत असे. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कित्येक मुली घरून पाण्याची भरलेली बाटली आणीत आणि संध्याकाळी ती भरलेलीच परत नेत. चौकशी केली तेव्हा एक मुलगी खाली मान घालून म्हणाली, "पाणी प्यायले की जावे लागते, सर, आणि तिथे जाववत नाही." शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहास कडी नव्हती आणि पाणीही नव्हते. मी ओशाळलो. शरीरशास्त्राचा पाठ वर्गात उत्तम शिकविला जात होता आणि त्याच वर्गातील मुली दिवसभर तहान मारीत होत्या. त्या महिन्यात आम्ही कडी बसविली, पाण्याची टाकी बसविली, आणि करंगळी वर करणाऱ्यास अडविणे मी सोडून दिले.

तहान लागली की पाणी पिणे आणि वेग आला की तो न दाबणे, या दोन गोष्टींत लाजण्यासारखे काहीच नाही. मूत्र फार वेळ साठून राहिले तर त्यात जंतू वाढण्यास अवसर मिळतो आणि मूत्रमार्गाचा दाह होतो. तशी अडचण असेल तर ती शिक्षकांना, आईवडिलांना निःसंकोच सांगावी. आणि ती दूर करणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे.

कन्हानचे पाणी नळास गढूळ आले, तर आपण लगेच तक्रार करतो. देहातील ही दोन केंद्रे मात्र तक्रार करीत नाहीत. हा पाठ वाचावयास तुम्हांस जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्यांनी दीड-दोन लिटर द्रव गाळला, त्यातील कणन् कण तपासला आणि चमचाभर मूत्र बाजूस ठेवून बाकी सारे तुम्हांस परत दिले. आता उठा, आणि पेलाभर पाणी प्या.

स्वाध्याय

१. जलशुद्धीकरण केंद्र आणि मूत्रपिंड यांच्या कामांतील साम्य व भेद लिहा.
२. दिवाळीच्या साफसफाईचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे, ते स्पष्ट करा.
३. बेडकावरील प्रयोगातून कोणती गोष्ट सिद्ध झाली?
४. 'या मुबलकतेतच धोका दडलेला आहे', असे लेखक का म्हणतो?
५. आपल्या शाळेतील पिण्याचे पाणी व स्वच्छतागृहे यांची पाहणी करून मुख्याध्यापकांस एक पत्र लिहा.